50 मार्कांची बिअर

बिअर पिणं सोपंय हो, बिअर तपासणं ही मात्र शिक्षा आहे. ती माझ्या नशिबी आली कारण माझा मेव्हणा म्युनिकला नोकरीला आहे. आधी सुट्टीला आला की चॉकलेटं आणायचा, माणूस बरा होता. मग त्याने तिकडं बिअर जज व्हायचा कसलासा कोर्स केला आणि पोरगं हातचं गेलं. यंदा एप्रिलमध्ये सांगलीत उतरला तो सॉक्समध्ये गुंडाळलेल्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या घेऊन (कस्टमवाले माणशी 2 लिटरच सोडतात म्हणून, नाहीतर याने पिंपच आणलं असतं) आणि सोबत छापील गुणपत्रिकांचा गठ्ठा.

"दाजी, ही डॉपेलबॉक, म्हणजे जर्मनीची दाट, कडक बिअर. प्यायची नाही, इव्हॅल्युएट करायची."

एकट्याने मरण्यापेक्षा चारचौघांत मरावं म्हणून मी विश्रामबागच्या आमच्या गच्चीवर तात्यांना आणि मास्तरांना बोलावून घेतलं. तात्या बेदाण्याचे व्यापारी, तासगाव-सांगलीच्या सौद्यांत हयात गेलेली. मास्तर रिटायर, पण बोर्डाचे पेपर तपासायची खाज अजून गेलेली नाही. दोघंही खुशीत आले, तात्या तर येताना किलोभर भडंग घेऊनच आले, लसूण-मिरचीचा वास जिन्यातूनच वर पोचलेला.

मेव्हण्याने पिशवी जप्त केली.

मसालेदार काही खायचं नाही, जीभ मरते म्हणे. सेंट लावलेला चालणार नाही. तंबाखू तर विषयच नको, तात्यांना खाली जाऊन चूळ भरून यायला लावलं. तोंड साफ करायला काय, तर कोरा पाव आणि साधं पाणी. आता मला सांगा, सांगलीत गच्चीवर बसायचं, समोर बाटली, आणि भडंग नाही? कळंब्याच्या जेलात सुद्धा पाव-पाण्यासोबत आमटी मिळत असेल.

त्यात बाटल्या फ्रीजमधून काढून अर्धा तास टेबलावर. ही बिअर फार गार प्यायची नसते, 8 ते 12 डिग्रीला तिचा वास मोकळा होतो, असं त्याचं म्हणणं. बरोबर असेल, पण त्यांचा मार्च आणि आपला एप्रिल यात काही फरक? संध्याकाळी सात वाजता गच्चीची फरशी पायाला चटका देत होती, अर्ध्या तासात तिचा काढा व्हायची वेळ आली. शेवटी मी ओला टॉवेल गुंडाळला तेव्हा कुठं.

वाट बघताना त्याने इतिहास सुरू केला, आणि तो मात्र मला आवडला, खरं सांगतो. सतराव्या शतकात म्युनिकमध्ये पाउलानर संन्याशांचा मठ होता, त्यांचे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवसांचे कडक उपास. घन काही खायचं नाही, पातळ चालतं. मग या लोकांनी काय करावं, तर मठातच इतकी दाट, माल्टने (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाने) ठासून भरलेली बिअर काढली की एक मग प्यायला की जेवल्यासारखंच. तिला म्हणायचेच लिक्विड ब्रेड. "एकादशी अन् दुप्पट खाशी!" मास्तर टाळी देत म्हणाले, आणि साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, रताळ्याचा कीस हे सगळं डोळ्यासमोर असलेल्या आम्हा कुणालाच त्या संन्याशांना नावं ठेवायचा अधिकार नव्हता. एक दंतकथा अशी पण आहे की हे पाप की पुण्य ते विचारायला त्यांनी पिंप रोमला पोपकडं धाडलं, आल्प्स ओलांडून उन्हातनं जाता जाता ते आंबलं, पोपने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि इतकी भिकार चीज पिणं म्हणजे तपश्चर्याच, खुशाल प्या, म्हणून परवानगी दिली. खरं-खोटं देव जाणे.

ती पहिली बिअर साल्व्हाटर. मग बाकीच्या कंपन्यांनीही त्याच चालीवर सेलेब्रेटर, ऑप्टिमेटर, मॅक्सिमेटर. तात्यांना वाटलं ट्रॅक्टरचे मॉडेल आहेत. सेलेब्रेटरच्या गळ्यात तर पांढरं प्लॅस्टिकचं बोकड बांधलेलं असतं, ते आमच्या पोराने पहिल्या मिनिटाला पळवलं, त्यावरनं अर्धा तास रडारड, ते सोडा.

ग्लास भरले. गडद तांबूस तपकिरी, उजेडाकडं धरला तर कडेनं लालसर, वर फिक्कट बदामी फेस. मी घोट घ्यायला गेलो तर हातच धरला. आधी वास. पत्रिकेत वासाला 12 मार्क, दिसण्याला 3, चवीला 20, माउथफीलला (म्हणजे तोंडात कशी लागते त्याला) 5 आणि एकूण प्रभावाला 10, टोटल 50. 45 किंवा त्याच्या वर गेली तर आउटस्टँडिंग. मास्तरांनी लाल पेन काढलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कॉपी करायची नाही."

मी 'वास चांगला आहे' लिहिलं. मेव्हणा म्हणाला दाजी, चांगला म्हणजे काय ते लिहा, ब्रेड क्रस्ट की टोस्ट की कॅरमेल की डार्क फ्रूट? मी तात्यांच्या कागदात बघायला लागलो. पण तात्या लिहीतच नव्हते. सौद्यात नमुना बघतात तसा ग्लास नाकाखाली धरून डोळे मिटून बसलेले.

"काळा बेदाणा," तात्या म्हणाले. "शेडमधनं नुकता काढलेला, अजून धुतलेला नाही. आणि मागं काकवी हाय. काहिलीच्या तळाला जरा लागलेली."

मेव्हण्याचं तोंड उघडंच. त्याच्या पुस्तकात त्याला मेलानॉइडिन म्हणतात, माल्ट तापवताना तयार होणारा खरपूस ऐवज. म्युनिक माल्ट जरा जास्त तापमानाला भाजतात, शिवाय जुन्या पद्धतीत भिजवलेल्या माल्टचा एक हिस्सा बाजूला काढून उकळायचा आणि परत मूळ भांड्यात ओतायचा, त्यातनं तो खरपूसपणा येतो. नंतर गार तळघरात शून्याच्या आसपास महिनोनमहिने मुरवत ठेवायची, म्हणून 7-8 टक्के अल्कोहोल असूनही घशाला झोंबत नाही. आपल्याकडच्या स्ट्राँगवर पण तेवढेच टक्के छापलेले असतात, पण ती पहिल्या घोटालाच कॉलर धरते. ही गोडीत विचारपूस करते आणि उठताना पाय कुठं गेले ते कळत नाही. मास्तर दुसऱ्या बाटलीनंतर सगळ्यांनाच ग्रेस मार्क द्यायला लागले ते त्यामुळंच. मला विचाराल तर बिअर एक नंबर, फक्त एक ग्लास पुरे, आणि तो भडंगासोबत.

चौथी बाटली छोट्या कुठल्यातरी भट्टीची, नाव सांगत नाही, बहुतेक प्रवासातच बिघडली असेल. मेव्हण्याने वास घेतला आणि म्हणाला, "वा, शेरी वाइनसारखी नोट, एजिंगचं लक्षण." मी पण मान हलवली. तात्यांनी एकदाच हुंगलं आणि ग्लास खाली ठेवला.

"खोकं भिजलंय."

"काय?"

"पुठ्ठ्याचं खोकं. पावसात भिजलं की आतल्या बेदाण्याला असाच वास बसतो. ही पेटी मी घेणार नाही."

मेव्हण्याने कोर्सची फाइल मोबाईलवर उघडली. ऑक्सिडेशन, म्हणजे हवा लागून बिघडणं: ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. अक्षर न् अक्षर तेच. पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही, मग मेव्हण्याने गुपचूप आत जाऊन भडंगाची पिशवी आणली आणि तात्यांच्या पुढ्यात ठेवली.

मास्तरांनी सगळे पेपर घरी नेलेत, रीचेकिंग करून मेरिट लिस्ट लावणार म्हणे. तात्यांचा पेपर कोरा असल्यामुळं त्यांना शून्य. आणि मेव्हणा परत पोचल्या पोचल्या त्याचा मला मेसेज: दाजी, तुमचा माउथफीलचा रकाना मोकळा का आहे?