‘दिवस गेले की खाण्याचे आजार आपोआप जातात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला: माहेरच्या ग्रुपवर, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. खाण्याचे मानसिक आजार हे परदेशी फॅड आहे. कुणाला असलाच, तर दिवस गेले की आपोआप जातो. आईने कमी खाल्लं तरी बाळ तिच्या अंगातून हवं ते ओढून घेतं. उलट्या तर सगळ्यांनाच होतात. बाळंतपणानंतर अंगावर पाजत राहावं, खाणं आवरावं, की पोट उतरतं. आणि मनाच्या गोळ्या घेणाऱ्या आईने बाळाला पाजू नये. खाली ‘प्रत्येक गरोदर मुलीला पाठवा’.

मला बुलिमिया होता. भसाभसा खायचं आणि मग ते घशात बोटं घालून बाहेर काढायचं, असा तो आजार. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यापर्यंत घरात कुणालाही पत्ता नव्हता. म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

दिवस गेले की आजार जातो, यात अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यानेच घात होतो. नॉर्वेमध्ये 1999 ते 2008 या काळात हजारो गरोदर बायकांची नोंद घेणारा मोठा अभ्यास झाला. त्यातून 2007 साली जे प्रसिद्ध झालं त्यात दिसलं, की बुलिमिया असलेल्या बऱ्याच जणींना गरोदरपणात उतार पडतो. पण आवर न राहता खात सुटण्याचा आजार, ज्याला बिंज ईटिंग म्हणतात, तो काही जणींना गरोदरपणातच नव्याने सुरू झालेला आढळला. आणि ज्यांना उतार पडतो त्यांच्यातही बाळंतपणानंतर दुखणं पुन्हा डोकं वर काढताना दिसतं: झोप नाही, अंग ओळखू येत नाही, घरात कौतुक सगळं बाळाचं. लंडनमध्ये पहिल्या सोनोग्राफीला आलेल्या 739 जणींना नीट विचारलं, तेव्हा 7.5 टक्के जणींमध्ये खाण्याचा आजार निदान करण्याइतका स्पष्ट होता. विचारलं म्हणून कळलं. मला नऊ महिन्यांत बीपी, साखर, हिमोग्लोबिन सगळं विचारलं गेलं. ‘खाल्ल्यावर काय वाटतं?’ हे एकदाही नाही.

याच मुद्द्याला चिकटलेला आणखी एक गैरसमज आहे. ॲनोरेक्सियात, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजारात, पाळी बंद पडते किंवा लांबते. मुली समजतात की आता दिवस राहणारच नाहीत. राहतात. पाळी न दिसताही बीज सुटू शकतं, आणि त्याच नॉर्वेच्या अभ्यासात ॲनोरेक्सिया असलेल्यांमध्ये ध्यानीमनी नसताना राहिलेली गरोदरपणं जास्त निघाली.

आता उलट्या. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, कारण मी तिच्याच आडोशाला लपले होते. गरोदरपणातल्या उलट्या बहुतेक वेळा नवव्या आठवड्याच्या आत सुरू होतात आणि सोळा ते वीस आठवड्यांत बऱ्याच जणींच्या ओसरतात. त्या न बोलावता येतात. फोडणीच्या वासाने येतात, उपाशीपोटीही येतात. माझ्या जेवल्यावर दहा मिनिटांनी यायच्या, दार लावून, नळ सोडून. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाच सवाष्णींनी भरवलेले घास, आईने केलेली नारळाची करंजी. ‘दोन जिवांची आहेस, खा गं’ म्हणत सगळ्या प्रेमाने वाढत होत्या. मी खाल्लं, हसले, फोटो काढले आणि न्हाणीघरात गेले. बाहेरून मावशी म्हणाली, ‘अजून थांबल्या नाहीत का गं उलट्या?’ मी म्हटलं, ‘नाही ना.’ विषय संपला.

ओळखलं ते दाताच्या डॉक्टरांनी. त्याच आठवड्यात दात शिवशिवतात म्हणून गेले होते. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघून त्यांनी हळूच विचारलं, ‘उलट्या होतात, की तुम्ही काढता?’ पोटातलं आम्ल दातांवरचं कवच खातं, ते आतल्या बाजूला आधी दिसतं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा, हेही त्यांनीच सांगितलं. वारंवार उलट्या काढल्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतल्या तर रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे ‘सगळ्यांनाच होतात’ म्हणून सोडून देण्यासारखं हे दुखणं नव्हे.

गरोदरपणातल्या उलट्या आणि खाण्याचा आजार, दोन्ही एकत्रही असू शकतं. स्वीडनमध्ये 2003 ते 2014 मधल्या बारा लाखांहून जास्त जन्मांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खाण्याचा आजार असलेल्यांमध्ये गरोदरपणातल्या अतितीव्र उलट्यांचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. मुदतीआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं.

‘बाळ हवं ते ओढून घेतं’ हे पुण्यात तरी कुणी म्हणू नये. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या बायकांना खाण्याचा आजार नव्हता. कष्ट जास्त आणि ताटात कमी, एवढंच. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोंच्या आसपास भरली, इंग्लंडमधली साडेतीन किलोंच्या. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध होतं त्यांची बाळं मोठी निघाली. बाळाला हवं ते आपोआप मिळत असतं, तर आईच्या ताटातल्या मेथी-चवळईने बाळाच्या वजनात फरक पडलाच नसता.

अंगावरच्या दुधाचंही तसंच आहे. आई थोडी कमी खाते म्हणून दूध लगेच आटत नाही, हे खरं. कॅल्शियम कमी पडलं तर शरीर तिच्या हाडांतून काढून देतं. पण बी-12सारखी काही जीवनसत्त्वं आईच्या अंगात नसतील तर दुधातही उतरत नाहीत. बी-12 फारच कमी पडलं तर बाळाची वाढ मागे पडते, हातापायांना कंप सुटू शकतो. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात, असं आपल्याच आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, 2020 चं मोजमाप आहे. आपल्याकडचे डिंकाचे, अळिवाचे लाडू काय उगीच आले नाहीत. पाजल्याने काहींचं वजन उतरतं, काहींचं नाही. पण जिला आधीच आकड्यांचा ध्यास आहे तिला ‘खाणं आवर’ सांगणं म्हणजे आजाराच्या हातात काठी देणं. मी तर पाजण्याची मिनिटं मोजून किती कॅलरी गेल्या ते वहीत लिहायला लागले होते.

आता मनाच्या गोळ्यांचा मुद्दा. सर्ट्रालिनसारखी काही औषधं दुधात फार थोडी उतरतात आणि पाजणाऱ्या आयांना ती दिलीही जातात. कुठलं औषध, किती, हे मानसोपचारतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर मिळून ठरवतात. मेसेज वाचून गोळी मनाने बंद करू नका. भीती बाळगायची तर ती वजन उतरवणाऱ्या पावडरींची, चहांची आणि जुलाबाच्या गोळ्यांची बाळगा, ज्या आपण कुणाला न सांगता घेतो.

आणि परदेशी फॅड? ॲनोरेक्सियाला हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी 1873 साली दिलं, बुलिमियाचं वर्णन जेरल्ड रसेल यांनी 1979 साली केलं. नावं तिकडची आहेत, खरं आहे. माझ्या स्वयंपाकघरात मात्र हा आजार संकष्टी, एकादशी आणि सोमवार घेऊन राहत होता. उपास आहे म्हटलं की कुणी पान वाढत नाही.

‘प्रत्येक गरोदर मुलीला पाठवा’ म्हणता, तर हे पाठवा. पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगा की मला खाण्याचा त्रास आहे किंवा पूर्वी होता. कुणापाशी बोलता येत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. आणि वजनकाट्याची भीती वाटत असेल तर तेही सांगता येतं. पहिल्या खेपेला भरल्या ओपीडीत माझं वजन मोठ्याने पुकारलं जायचं आणि त्या दिवशी मी जेवायची नाही. दुसऱ्या खेपेला मी आधीच विनंती केली. सिस्टरनी मला काट्यावर पाठमोरं उभं केलं, आकडा फाईलमध्ये लिहिला आणि फाईल थेट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. तो आकडा मी अजून पाहिलेला नाही.