धावणं तीन सेकंदांचं

गोवा मुक्तीच्या वेळी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर झालेल्या लढाईबद्दलचा तुमचा लेख आवडला. पण 'गोळीबाराची पर्वा न करता नौसैनिक धावत सुटले' हे वाक्य खटकलं. मी पायदळातून निवृत्त, आता डिचोलीत काजूची बाग सांभाळतो. पर्वा न करता धावणारा दहा पावलांत पडतो, साहेब.

दहा जणांच्या सेक्शनमध्ये, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीत, एलएमजी (हलकी मशीनगन) एका बाजूला लावून शत्रूचं डोकं खाली दाबायचं, तेवढ्यात उरलेल्यांनी सरकायचं. उठायचं, तीन-चार सेकंद धावायचं, आडवं व्हायचं. आणि पडलो तिथूनच पुन्हा उठायचं नाही! रांगत हातभर बाजूला जायचं, कारण शत्रूची नेम धरलेली बंदूक त्याच जागेवर असते. बेळगावच्या लाल मातीत कोपरं सोलवटली तेव्हा कुठे हे अंगात मुरलं.

आडोशाचंही तसंच. काजूचं झुडूप तुम्हाला लपवेल, गोळी अडवणार नाही. त्यापेक्षा शेताची जाडजूड मेर, म्हणजे मातीचा बांध, बरी.

बेटावर तर होडीतून उतरायचं. होडीत ना मेर, ना झुडूप. १८ डिसेंबर १९६१ ला तिथे सात नौसैनिक कामी आले. पाठीमागून युद्धनौकेच्या तोफा होत्या, पण आपली माणसं किनाऱ्याला भिडली की तोफांना हात आखडावा लागतो. त्यावर लेखात चार ओळी हव्या होत्या.