आरतीला उठू न शकलेला माणूस

फोंड्याहून कदंबच्या बसने पणजीला बसून जायचे, कचेरीत आठ तास बसायचे आणि संध्याकाळी पुन्हा बसूनच घरी परतायचे, या क्रमात बावीस वर्षे गेल्यावर माझ्या कमरेने एका सकाळी असहकार पुकारला. तोवर कंबर मला पँटच्या मापापुरतीच ठाऊक होती.

निदान करणाऱ्यांची घरात वाण नव्हती. आईच्या मते दोष सगळा खुर्चीचा. पाटावर बसून जेवणाऱ्यांच्या पिढीत कोणाची कंबर म्हणून दुखली नाही, असे ती स्वतःच्या कमरेला तेल चोळून घेत असताना म्हणाली. शेजारच्या काकांनी माझ्या मागच्या खिशातल्या पाकिटावर संशय घेतला. त्यात पैसे नसले तरी जुन्या पावत्या इतक्या होत्या, की बसताना माझी एक बाजू मोठ्या थाटात वर राही. तेव्हा पाकीट पुढच्या खिशात आले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ताठ बसा." मी दिवसभर कवायतीतल्या शिपायासारखा ताठ बसलो आणि संध्याकाळी कमरेच्या जोडीला खांदेही दुखू लागले.

शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंनी प्लास्टिकचा कणा हातात घेऊन मला समजावले. कमरेच्या पाच मणक्यांना आतल्या बाजूने बाक असतो. पोक काढून बसले की माकडहाडाकडचा भाग मागे कलतो, तो बाक सपाट होतो आणि मागचे अस्थिबंध ताणले जातात. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडणे आणि सुटणे यांतूनच त्यांचे पोषण होते. त्यामुळे बैठक कितीही सुंदर असली तरी ती तासन्‌तास मोडायची नाही, हाच खरा घोळ. "दर अर्ध्या तासाने उठत जा," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर थांबायचे सोडून मी वाचन केले. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसण्यात तो जास्त भरला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या विल्के यांच्या चमूने एकाच माणसाच्या चकतीत मोजमाप केले, तर उभ्याने ०.५०, बसून ०.४६ आणि खुर्चीत रेलून पसरल्यावर अवघे ०.२७ मेगापास्कल! हा शेवटचा आकडा मी सौभाग्यवतींना वाचून दाखवला आणि खुर्चीत यथाशास्त्र पसरलो. "दळण आणायला कोण जाणार, तो जर्मन?" एवढेच त्या म्हणाल्या.

पुढच्याच सोमवारी वाड्यावरच्या देवळात भजन होते. वास्कोच्या सप्ताहातल्या अखंड भजनासारखे ते काही चोवीस तासांचे नव्हते, जेमतेम तीन तासांचे. परंतु झांज माझ्या हाती, आणि ऐन रंगात आलेल्या अभंगातून दर अर्ध्या तासाने उठणे शोभणारे नव्हते. मांडी घातल्यावर आखडलेल्या खुब्यांमुळे माझे गुडघे वर, पाठीला पोक, आणि कमरेचा तो पाच मणक्यांचा बाक केव्हाच सपाट. आरती सुरू झाली. सगळे देऊळ उभे राहिले; मी मात्र डोळे घट्ट मिटून, दात आवळून जागच्या जागी. आरतीचे ताट माझ्यापाशी जरा जास्तच वेळ थांबले.

"अशी तंद्री लागायला पूर्वपुण्य लागते हो," मागून एक काकी भारावून म्हणाल्या. मी होकार दिला. मान तेवढी अजून हलत होती.