हेड बोल्टच्या भोकात तेल भरायचं नसतं

'हेड बोल्टची पाच गुपितं, जी कंपनी कधीच सांगणार नाही' असा एक मेसेज सध्या फिरतोय. हेड बोल्ट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, खालच्या ब्लॉकला आवळून धरणारे बोल्ट; त्या दोघांमधली सील म्हणजे गॅस्केट. एरवी असलं काही मी न वाचताच पुसतो. पण भाच्याने इंजिन खोलून ठेवलंय, हेड फेस करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) आणलंय, आणि नेमका हाच मेसेज मला पाठवून त्याने विचारलं, "मामा, असंच करू ना?" आता गप्प बसणं शक्य नाही.

गुपितं अशी: बोल्टच्या भोकात तेल भरा, म्हणजे आटे (बोल्टच्या चुड्या) जाम होत नाहीत. डिग्रीचा (ठरावीक कोनात फिरवण्याचा) नखरा सोडा, सरळ टॉर्क (मोजून लावलेला पिळण्याचा जोर) मारा. जुनेच बोल्ट लावा, नवे म्हणजे लूट. बदलायचेच तर १२.९ ग्रेडचे घ्या. आणि इंजिन गरम झालं की सगळे पुन्हा आवळा.

पहिलंच गुपित ब्लॉक फोडणारं आहे. ब्लॉकमधली हेड बोल्टची बरीच भोकं तळाशी बंद असतात. त्यात तेल भरून वरून बोल्ट फिरवला की तो पिस्टनसारखा खाली दाबत जातो. तेल दबत नाही आणि आट्यांच्या फटीतून पुरेशा वेगाने वर येत नाही. मग दोनच गोष्टी होतात. भोकाच्या तळाशी किंवा बाजूला ब्लॉकला तडा जातो, आणि तो तडा पाण्याच्या जॅकेटपर्यंत (ब्लॉकमधल्या कूलंटच्या पोकळीपर्यंत) पोहोचला तर सगळं पुन्हा खोला. किंवा ब्लॉक टिकतो, टॉर्क रेंच टकदिशी वाजते, आपण खूश होतो. पण तो जोर बोल्टने तेलावर लावलेला असतो, हेडवर नाही. गॅस्केट काही दिवसांत उडते आणि शिव्या गॅस्केटला बसतात. धुतल्यावर भोकात राहिलेलं पाणी किंवा कूलंटही हेच करतं. हेडचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत करणारे लोक भोकं मात्र तशीच ओली सोडतात, हे मला आजवर कळलेलं नाही. प्रत्येक भोकात हवा मारा, चिंधीने टिपा, आणि बोल्ट हाताने तळापर्यंत सहज जातो का ते बघा.

यात अर्धं खरं आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो. मॅन्युअल सांगत असेल तर आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली तेलाचा पातळ हात द्यायचाच. ढोबळ हिशोबाने टॉर्कचा निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांमध्ये, आणि बोल्ट ताणायला जेमतेम १० टक्के उरतो. टॉर्कवरून बोल्टचा ताण काढायच्या सूत्रातला गुणांक कोरड्या बोल्टला साधारण ०.२० धरतात, तेल लावलेल्याला ०.१५. म्हणजे टॉर्कचा आकडा तोच असला तरी ताण एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून तेल लावायचं की नाही हे आपल्या मनाने ठरवायचं नसतं. आणि भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल तर मॅन्युअल सांगेल ते सीलंट लावायचं, तेल नाही.

डिग्रीला 'नखरा' म्हणणाऱ्याला हे घर्षण कळलेलंच नाही. हेड आणि गॅस्केट नीट बसेपर्यंत थोडा टॉर्क, आणि पुढे ठरावीक कोन, अशी ती पद्धत आहे. १.५ मिलिमीटर पिचचा (एका पूर्ण फेऱ्यात तेवढा पुढे जाणारा) बोल्ट ९०° फिरवला की तो ०.३७५ मिलिमीटर पुढे जातो. त्यातला काही भाग बोल्टच्या ताणात जातो, काही हेड आणि गॅस्केट दबण्यात. आटे कोरडे असोत की तेलकट, हे अंतर बदलत नाही. नुसत्या टॉर्कच्या आकड्यावर मात्र एक बोल्ट कमी ताणला जातो, शेजारचा जास्त.

आता १२.९. बोल्टच्या डोक्यावरच्या आकड्याचा अर्थ आयएसओ ८९८-१ मध्ये दिलेला आहे. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे मेगापास्कलमध्ये तन्यबल (तुटण्याआधी तो पेलतो तो कमाल ताण), आणि दुसरा सांगतो त्याच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा लांबू लागतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९००, १२.९ म्हणजे १२०० आणि १०८०. पण पोलाद कुठल्याही ग्रेडचं असो, त्याचा ताठपणा जवळपास सारखाच. म्हणजे त्याच जोराला १०.९ जितका लांबतो तितकाच १२.९. नुसता ग्रेड चढवून हेड जास्त घट्ट धरलं जात नाही. उलट ज्या बोल्टला कोनाने ताणून लांबवायचं गणित बसवलेलं असतं, त्याच्या जागी हा लावला तर तो वेळेवर नमत नाही (कायमचा लांबू लागत नाही), ताण ठरल्यापेक्षा वर जातो, आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर आटे उपटून येतात. शिवाय मूळ बोल्टची मान मुद्दाम बारीक केलेली असू शकते, लांबी आणि पिच वेगळे असू शकतात. हार्डवेअरच्या डब्यातून ते जुळत नाही.

जुन्या बोल्टचं म्हणाल तर सगळेच फेकायचे असं मीही म्हणत नाही. लवचीकतेच्या मर्यादेत आवळलेले, गंज नसलेले, आटे साफ असलेले बोल्ट परत वापरता येतात. ताणून लांबवलेल्यांसाठी काही मॅन्युअल कमाल लांबी देतात. मोजा, बसत असेल तर लावा. 'एकदाच वापरा' असं लिहिलं असेल तिथे मात्र वाद घालू नका, तो बोल्ट आपली लांबी एकदा खर्च करून बसलाय.

गरम झाल्यावर पुन्हा आवळणं जुन्या कॉम्पोझिट (मिश्र साहित्याच्या) गॅस्केटसाठी खरं होतं, कारण त्या दबून बसायच्या. तिथेही गरम की थंड इंजिनवर, हे मॅन्युअलच सांगतं. बहुस्तरीय पोलादी गॅस्केट आणि कोनाने आवळलेले बोल्ट असतील आणि मॅन्युअलमध्ये उल्लेख नसेल, तर पाना लावायचा नाही. नमायला लागलेल्या बोल्टला आणखी एक पिळा दिलात तर तो हातात तुटून येऊ शकतो, आणि अर्धा तुकडा ब्लॉकमध्ये राहील.