भांडखोर नव्हे, शेतकरी
तुमच्या लेखात प्रवाळांत राहणाऱ्या डॅमसेल माशाला नुसतं 'भांडखोर' म्हटलंय, ते पटलं नाही. निदान शेवाळ राखणाऱ्या जाती तरी भांडतात त्या शेतासाठी! वीतभरही नसलेला हा करडा-तपकिरी मासा मेलेल्या प्रवाळावर शेवाळ वाढवतो, नको ते तण तोंडाने उपटून हद्दीबाहेर नेऊन टाकतो. सी अर्चिन (काटेरी चेंडूसारखा समुद्री जीव) आत शिरला, तर त्याचा एक काटा अलगद तोंडात धरून त्याला उचलून बाहेर काढतो. किती जपून करतो ते! पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्याही अंगावर धावून जातो. शेवाळ खाणाऱ्या एकट्यादुकट्या सर्जनफिश माशाला सहज पिटाळतो, पण त्यांची झुंड आली की बिचाऱ्याचा नाइलाज. एकाला हाकलेपर्यंत बाकीचे शेत फस्त करतात. आणि अंड्यांची राखण बाप करतो, हेही लिहायला हवं होतं.