पर्थिस आणि 'आणखी एक स्कॅन': एका आजोबांना उत्तर

नमस्कार काका,

पर्थिस या मुलांच्या खुब्याच्या आजारावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही बरंच खरमरीत लिहिलंय. नातू साडेआठ वर्षांचा, चार महिने लंगडतोय, एक्स-रे झाले, एमआरआय झाला, आता बोन स्कॅन सांगितलाय आणि दर वेळी उत्तर एकच, 'बघू या'. फोटोने हाड भरतं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्यासारखे डॉक्टर असले लेख लिहून घाबरलेल्या आईबापांना पुढच्या चाचणीकडे ढकलतात, असंही म्हटलंय.

फोटोने हाड भरत नाही. पर्थिसमध्ये ते आपलं आपणच भरतं, आणि अडचण तिथेच आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, खुब्यात बसणारा जो गोळा असतो त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतलं हाड मरतं, शरीर ते हळूहळू काढून टाकतं आणि नवं घालतं. यात दोन ते चार वर्षं जातात. मधल्या काळात गोळा नरम असतो. तो खुब्याच्या वाटीत नीट बसलेला असेल तर वाटीच्या आकाराने गोल भरतो; बाहेर सरकला असेल तर वाटीच्या कडेखाली चेपतो आणि तसाच पक्का होतो. पाच वर्षांच्या मुलाला आकार सुधारायला पुढे पुष्कळ वर्षं मिळतात. साडेआठच्या मुलाला तेवढी मिळत नाहीत.

म्हणून ऑपरेशन करायचं असेल, म्हणजे गोळा वाटीत आणून बसवायचा असेल, तर तो चेपण्याआधी करायला हवं. मणिपालचे मुलांच्या हाडांचे डॉक्टर बेंजामिन जोसेफ यांनी आपल्याकडच्या मुलांवर केलेलं काम हेच सांगतं. आता एक्स-रेची पंचाईत बघा. आज बहुतेक ठिकाणी वापरलं जातं ते डॉ. हेरिंग यांचं वर्गीकरण, 1992 सालचं. गोळ्याचा बाहेरचा खांब किती उंच उरलाय ते त्यात बघतात: पूर्ण असेल तर 'ए', निम्म्याहून जास्त उरला तर 'बी', निम्म्याहून कमी तर 'सी'. पण हे ठरवता येतं हाडाचे तुकडे पडायला लागल्यावर. अगदी सुरुवातीच्या फिल्मवर ते लागू पडत नाही. खांब ढासळल्याचं एक्स-रेवर स्पष्ट दिसतं तोवर काही मुलांची वेळ निघून गेलेली असते.

बोन स्कॅन इथे कामाला येतो. हाताच्या शिरेत टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचं इंजेक्शन देतात, दोन-तीन तास थांबवतात आणि मग बारीक छिद्राचा कॅमेरा जांघेजवळ आणून एकेका खुब्याचं चित्र घेतात. रक्त पोचतं तिथे ते द्रव्य जमून चित्र काळं दिसतं. म्हणून चांगल्या बाजूचा गोळा भरलेला दिसतो, आजारी बाजूला त्या जागी पांढरी पोकळी. मी सगळ्यात आधी बघते ती पोकळीची बाहेरची कड. तिथे एक उभी काळी रेघ उमटली असेल तर बाहेरच्या खांबात रक्त परत आलंय. तो खांब बहुधा टिकतो. रेघ नाही, आणि काळा रंग फक्त खालून, हाड जिथून वाढतं त्या पट्टीकडून वर चढतोय, तर काळजीचं कारण आहे. डॉ. कॉनवे यांनी 1993 मध्ये रक्त परतण्याचे हे दोन मार्ग मांडले. एक्स-रेवर तेच कळायला आणखी काही महिने जातात. गॅडोलिनियम हे औषध शिरेतून देऊन केलेला परफ्युजन एमआरआय, म्हणजे रक्त कुठवर पोचतंय ते दाखवणारा एमआरआय, हीच माहिती किरणोत्सर्गाशिवाय देतो, फक्त मुलाला बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं. तुमच्या नातवाचा एमआरआय त्या पद्धतीने झाला असेल तर स्कॅनची गरज आहे का, हे जरूर विचारा.

तुमच्या रागातला एक मुद्दा मी मनापासून उचलून धरते. प्रत्येक मुलाला हे करू नये. पाच वर्षांचं मूल, पाय बाजूला छान उघडतोय, गोळा वाटीत आहे, अशा वेळी स्कॅन काहीही म्हणाला तरी सल्ला तोच राहणार. मग इंजेक्शन कशाला? उलट गुजरातेतल्या छोटाउदेपूरकडच्या आदिवासी कुटुंबातलं मूल असेल तर आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी हवी, कारण त्या आजारातही हाड असंच मरतं.

राहिलं तुमचं वाक्य, 'पूर्वी कुठे होते हे फोटो?' 1910 मध्ये लेग, काल्व्हे आणि पेर्थेस (ज्यांच्या नावावरून 'पर्थिस' आलं) या तिघांनी तीन देशांत हा आजार वेगळा ओळखला तो एक्स-रे हाताशी होता म्हणूनच. त्याआधी अशा मुलांना खुब्याचा टीबी म्हणून महिनोन्‌महिने निजवून ठेवत.

तुमच्या नातवाचं वय मात्र असं आहे की चित्राने निर्णय बदलू शकतो. 2004 च्या हेरिंग यांच्या मोठ्या अभ्यासात आठ वर्षांनंतर आजार सुरू झालेल्या 'बी' आणि 'बी-सी'च्या सीमेवरच्या मुलांना ऑपरेशनचा फायदा दिसला. 'सी'मध्ये काही केलं तरी निकाल बहुतेक वाईटच. स्कॅन शंभर टक्के सांगत नाही; रक्त परतूनही गोळा चपटा राहिलेला मी पाहिलाय. तरी 'बघू या' म्हणणाऱ्या डॉक्टरांना विचारा: आजार कोणत्या अवस्थेत आहे, गोळा वाटीबाहेर किती सरकलाय, आणि स्कॅन वाईट आला तर तुम्ही काय वेगळं कराल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर स्कॅन थांबवा, माझं नाव सांगून थांबवा.

उत्तरायणाला नातवाला पतंगांसाठी गच्चीवर नेऊ का, हेही विचारलंत. डॉक्टरांची हरकत नसेल तर न्या. पायऱ्या तुम्ही उचलून चढवा, खुर्चीत बसून फिरकी धरू दे. धावणं आणि कठड्यावरून उड्या तेवढ्या नकोत. पोहणं चालतं का तेही त्यांना विचारा, बहुतेक हो म्हणतील.