रविवार देवाचा, मग उरलेले सहा दिवस कोणाचे?

आज चर्चमध्ये उपासना संपल्यावर सूचनांच्या वेळी एका ज्येष्ठ बंधूंनी पुढे येऊन, येत्या मेळाव्याच्या तयारीला गैरहजर राहिलेल्या तरुणांची नावे भर मंडळीत कागदावरून वाचून दाखवली. दुसऱ्या पीयूसीची, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीची, परीक्षा तोंडावर आली आहे, दहावीची तिच्या पाठोपाठ आहे, आणि वाचलेली बहुतेक नावे याच दोन वर्गांतल्या मुलांची होती. यादी संपल्यावर त्यांनी वर आणखी एक वाक्य जोडले, की ज्यांना देवासाठी वेळ नाही, त्यांच्यासाठी देवाने तरी वेळ का काढावा. माझ्या पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या गीतांच्या पुस्तकात रसायनशास्त्राची समीकरणे लिहिलेली एक चिठ्ठी होती. तिचे नाव वाचले गेले तशी तिने ती चिठ्ठी मुठीत चुरगाळली. जेवण झाले, भांडी झाली, दुपारची झोपही झाली, तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिली गोष्ट अशी की, हे वाक्य ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभणारे नाही. आपण दर रविवारी कृपेविषयी ऐकतो आणि सूचनांची वेळ आली की हजेरीपट उघडतो! कृपा हजेरीवर मिळत असती तर आपल्यापैकी किती जण आज त्या बाकांवर बसले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा. मी नावे घेणार नाही.

माझे शिक्षण खानापूर तालुक्यातल्या एका गावातून झाले आणि पीयूसीला मी रोज बेळगावला ये-जा करत होते. माझी आई चौथी शिकलेली होती. बुधवारी संध्याकाळी क्वायरच्या, म्हणजे चर्चच्या गायनवृंदाच्या, सरावाला मला बोलवायला मंडळीतले एक काका दारात येत, तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून सांगे, "पोरगी अभ्यासाला बसलीया. शनिवारी लावून देतो." काकांना ते आवडत नसे, आणि त्यांनी ते पाळकसाहेबांच्या कानावरही घातले होते. पुढे माझ्या शिकवणीच्या सरांनी रविवारी सकाळी टेस्ट ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तीच आई मला घेऊन बसने शहरात आली आणि सरांसमोर उभी राहून म्हणाली, "मास्तर, रविवारी पोरगी यायची न्हाई. सोमवारी पहाटे घ्या." सर हसून म्हणाले, एका तासाने काय बिघडते? त्यावर आई म्हणाली, "मग तुमचाच तास हलवा की." सरांनी मला सोमवारी पेपर दिला.

वेळेच्या नियोजनावर आपल्या युवक संघात आजवर जितकी व्याख्याने झाली, त्या सगळ्यांपेक्षा मला आईची ही दोन वाक्ये अधिक उपयोगी पडली आहेत. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा आपण अर्धीच ऐकतो. सातवा दिवस पवित्र पाळ, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच आज्ञेत त्याच्या आधी सहा दिवस श्रम करून आपले सगळे कामकाज कर असेही सांगितले आहे. विद्यार्थ्याचे कामकाज म्हणजे अभ्यास. त्याच्या सहा दिवसांतल्या चार संध्याकाळी मंडळीने घ्यायच्या आणि तो रविवारी पेंगला की त्याला आध्यात्मिक आळशी म्हणायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

जरा त्या मुलीच्या आठवड्याकडे पाहा. पहाटे उठून पाणी भरायचे आणि डबा करायचा, मग बस. जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना बसचा प्रवास फुकट झाला, ही चांगलीच गोष्ट झाली, पण तेव्हापासून सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते आणि भरलेली बस मधल्या थांब्यावर थांबत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, सोबत कन्नड, आणि पीयूसीला विज्ञान एकदम इंग्रजीतून. त्यामुळे दुसरी मुले जो धडा एकदा वाचतात, तो आमची मुले आधी शब्द समजून घेण्यासाठी आणि मग विषय समजून घेण्यासाठी असा दोनदा वाचतात. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. मग मंगळवारी घरसभा, बुधवारी सराव, शुक्रवारी उपवास प्रार्थना, शनिवारी मेळाव्याची तयारी. ती नाही म्हणाली तर तिच्या आईला महिला मंडळात ऐकावे लागते, आणि मुलगा नाही म्हणाला तर "त्याला क्लास असेल" म्हणून सोडून दिले जाते. हा फरक आपल्याकडे कोणी बोलून दाखवत नाही, पण मेळाव्यात चहाचे पेले कोणाच्या मुली विसळतात आणि माईक कोणाच्या मुलांच्या हातात असतो, ते आपण सगळेच पाहतो.

तरुणांना पवित्र शास्त्रातल्या दानीएलाची गोष्ट सांगायची म्हटली की आपण थेट सिंहांच्या गुहेत शिरतो. पहिला अध्याय कोणी वाचत नाही. दानीएल आणि त्याचे मित्र हे परक्या राजाच्या दरबारात खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, विद्या आणि भाषा शिकायला बसवलेले विद्यार्थी होते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि शेवटी राजापुढे परीक्षा होती. घरी एक भाषा आणि शिक्षणाला दुसरी, हे सीमाभागातल्या मुलाला काय समजावून सांगायचे? दानीएल राजाचे अन्न नाकारतो, पण राजाची विद्या नाकारत नाही. तीत तो सगळ्यांच्या पुढे जातो. आणि दिवसातून तीन वेळा गुडघे टेकणारा माणूसही तोच. त्याच्या खिडकीखाली उभे राहून त्याला सरावाला हाका मारणारे कोणी नव्हते, हे त्याचे भाग्य.

बेळगावात तरी आपल्याला हे वेगळे सांगावे लागू नये. 1820 साली लंडन मिशन या मिशनरी संस्थेची माणसे इथे आली, त्यांच्या कामात उपासनेच्या शेजारी शाळा होती, आणि आपल्यातली कित्येक घराणी त्या शाळांच्या बाकांवरूनच वर आली. पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला बसल्या. तो अभ्यास देवाच्या कामातून काढलेला वेळ होता, असे आज कोणी म्हणेल का?

आता दुसऱ्या बाजूचाही राग काढते, नाहीतर क्लासवाल्यांना वाटेल की मी त्यांच्या बाजूने बोलते आहे. रविवारी सकाळी टेस्ट सीरिज ठेवणारे क्लास आता गल्लोगल्ली झाले आहेत, आणि आपले पालक, जे संडे स्कूलच्या स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत बसतात, ते एक अक्षर न बोलता मुलांना तिकडे सोडून येतात. फी आपण भरतो आणि मान खाली आपणच घालतो. चौथी शिकलेली बाई खानापूरच्या बसमधून उतरून सरांना "तुमचाच तास हलवा" म्हणू शकली, आणि पदवीधर आई-बाप एक फोन करू शकत नाहीत? दहा पालकांनी मिळून सांगितले तर कोणताही क्लासवाला टेस्ट दुपारी घेईल, कारण त्याला उपासनेशी वैर नाही, फक्त त्याला आजवर कोणी सांगितलेले नाही.

नीटची परीक्षा रविवारीच येते, जशी 2025 मध्ये 4 मे रोजी आली, तेव्हा काय करायचे, असे मला विचारले जाते. जाऊन पेपर लिहायचा. वर्षातून एकदा येणाऱ्या परीक्षेने कोणाचा विश्वास बुडत नाही. दर आठवड्याच्या टेस्टने मात्र सवय बुडते.

मोबाईल मंडळीपेक्षा जास्त वेळ खातो, हे मान्य. क्वायरमुळे मुलांना शिस्त लागते, हेही मान्य. मलाही लागली, आणि सरगम त्या काकांनीच शिकवली. माझ्या आईनेही मला क्वायर सोडायला कधी सांगितले नाही, ती फक्त शनिवार म्हणाली. शनिवारी ती मला स्वतः पोचवायला येई आणि सराव संपेपर्यंत मागच्या बाकावर तांदूळ निवडत बसे.

ईस्टरच्या आधीच्या दुःखसहन सप्ताहात परीक्षा येण्याचे तर दरवर्षीचेच आहे. 2024 साली दहावीची परीक्षा 25 मार्चला सुरू झाली आणि त्याच आठवड्यात 29 तारखेला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. 2025 साली सीईटीचे, म्हणजे कर्नाटकातल्या प्रवेश परीक्षेचे, पेपर 16 आणि 17 एप्रिलला होते, म्हणजे दुसरा दिवस नेमका उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशीचा प्रभुभोजनाचा गुरुवार. परीक्षेचे वेळापत्रक ठरवणे आपल्या हातात नाही, पण त्या आठवड्यात रोज संध्याकाळच्या उपासनेत गायला कोणाला उभे करायचे, हे तर आपल्याच हातात आहे ना? चाळिशी-पन्नाशीचे गळे काय बसले आहेत? आम्ही गाऊ. बेसूर गाऊ, पण गाऊ.

ज्या बंधूंनी आज यादी वाचली, त्यांच्याविषयी माझ्या मनात वैर नाही. मेळाव्याचा सगळा भार त्यांच्या एकट्यावर पडला आहे, मांडववाल्यापासून जेवणापर्यंत सगळीकडे तेच धावत आहेत, आणि थकलेल्या माणसाच्या तोंडून असे निघून जाते. त्यांना मदत हवी आहे, तर ती आम्ही मोठ्यांनी करायला हवी. पण त्या मुलीकडे जाऊन त्यांनी एक शब्द बोलावा, एवढी अपेक्षा मी ठेवते, आणि ती भर मंडळीत ठेवायलाही मला संकोच वाटणार नाही, कारण नावही भर मंडळीतच वाचले गेले.

वार्षिक सभेत मी लेखी मागणार आहे की सराव फक्त शनिवारी आणि अंधार पडायच्या आत संपणारा असावा, जानेवारीपासून दहावीच्या व दुसऱ्या पीयूसीच्या मुलांवर कोणतेही काम टाकू नये, आणि मंडळीचा हॉल आठवड्याच्या संध्याकाळी मुलांना अभ्यासासाठी उघडा ठेवावा. तिथे लांब टेबले आहेत, पंखे आहेत, आणि कितीतरी संध्याकाळी त्याला कुलूप असते, तर आपल्या कित्येक मुलांच्या घरी एका खोलीत टीव्ही, आजारी आजी आणि स्वयंपाक एकाच वेळी चाललेला असतो. साडेदहाच्या कन्नड उपासनेची मुलेही आली तर उत्तमच. आमची मुले त्यांच्याकडून कन्नड शिकतील.

ज्यांना हे पटते त्यांनी इथे आमेन लिहून थांबू नये, सभेला येऊन हात वर करावा. वीजबिलाचा प्रश्न कोणीतरी काढणारच आहे, म्हणून पहिल्या वर्षाचे बिल मी भरीन, हे इथेच लिहून ठेवते.